अविनाशनं चूक केली नव्हती

मंडळी, मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं.

तांबरमहून, अंबत्तूरहून, एवढ्या उन्हाचे आलात तुम्ही. मी अविनाशची थोरली बहीण, सुनंदा. धाकट्या भावाच्या फोटोला हार घातलेला बघायचा आणि वर त्याच्याबद्दल बोलायचं, जीभ उचलत नाही हो. गप्पच बसणार होते मी. पण आत्ता आपल्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, प्रधानसाहेब बोलले. फार गोड बोलले. म्हणाले, "अविनाश मला धाकट्या भावासारखा. हातून एक चूक झाली, ती त्यानं मनाला लावून घेतली."

तेव्हा मला उठावंच लागलं. मंडळी, अविनाशनं चूक केली नव्हती.

प्रधानसाहेब गुम्मिडिपूंडीच्या पंपांच्या कारखान्यात सगळ्यांत वरचे साहेब. अविनाश त्यांच्या हाताखाली कॉम्प्युटरचं बघायचा. तिथे विक्रीवाल्यांचं एक सॉफ्टवेअर, सीआरएम. गिऱ्हाईक कोण, त्याला काय कबूल केलंय, ते त्यात. कारखान्याचं दुसरं, ईआरपी. माल किती, कुठला पंप कधी तयार होणार, ते त्यात. ही दोन जोडायचं काम अविनाशकडे होतं. जोडली की विक्रीवाला गिऱ्हाइकासमोर बसूनच सांगणार, "माल आहे, या तारखेला देतो."

खूष होता तो. पण मग त्याला दिसलं, की तडे गेलेले पंपाचे भाग आवारात टाकून दिलेत आणि ईआरपीत मात्र ते चांगल्या मालात धरलेत. तो साहेबांना म्हणाला, "साहेब, आधी माल तपासू. खराब तो वेगळा काढू. मग जोडू. नाहीतर नसलेले पंप विकले जातील."

साहेब म्हणाले, "परदेशातले पाहुणे येताहेत. त्यांना चालू करून दाखवायचंय. तपासणी नंतर."

चालू झालं. टाळ्या झाल्या. केक कापला.

आणि एन्नोरच्या बर्फाच्या कारखान्याला नसलेले पंप कबूल झाले. त्या बिचाऱ्यांनी तारखेवर विसंबून जुने पंप काढून टाकले. नवे आलेच नाहीत. बर्फ बंद. कोळ्यांची मासळी सडली. त्यांच्या बायका त्या मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन गुम्मिडिपूंडीच्या गेटवर आल्या. साहेबांनी काय करावं? अविनाशला खाली पाठवलं. सोबत एक माणूस पाठवला, तमिळमध्ये ओरडून सांगायला, की हे सगळं ह्यानं केलं.

त्या बायकांनी सडकी मासळी त्याच्या अंगावर ओतली. मी त्यांना दोष देत नाही. पण साहेब, तुम्ही वरच्या खिडकीतून बघत होतात ना?

मग त्याला केबिनमध्ये बोलावलं. "सगळ्यांसमोर चूक कबूल कर. नाहीतर तुझ्या टीममधल्या पोरी उद्यापासून घरी."

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, आज कँटीनमध्ये उभं राहून म्हणालो, माझी चूक."

"का रे? नव्हती ना तुझी?"

"नव्हती. पण पोरींच्या नोकऱ्या वाचल्या."

आनंद होता हो त्याच्या आवाजात. अंगाला अजून वास येतोय म्हणाला, आणि हसला.

पुढच्याच आठवड्यात सगळ्या पोरींना काढलं. तो विचारायला गेला. साहेब काय म्हणाले माहितीय? "लिहून घेतलं होतंस का?"

मग तो बोलेनासा झाला. मी वेलचेरीहून डबा घेऊन जायची, तो समोर बसून भात चिवडायचा. आणि एका सकाळी दाढी करता करता कोसळला. डॉक्टर म्हणाले, हृदय. प्रधानसाहेबांनी मारलं, असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर बँकेत नोकरी केली, सिद्ध करता येत नाही ते बोलत नाही. पण मंडळी, गेटवर ओतली तीच पाटी यांनी आज मेलेल्या माणसावर पुन्हा ओतली. माझ्यादेखत. माईकवरून. ती घाण पुसल्याशिवाय मी कशी बसू?

तिसऱ्या रांगेत नित्या बसलीय. काढून टाकलेल्यांतली एक. तिला मराठीचं अक्षर कळत नाही, तरी आलीय. स्मशानात तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "सार तप्पु पण्णलै, अक्का." सरांनी चूक केली नाही, अक्का. एवढा मोठा कारखाना, पण हे एक वाक्य बोलायला हीच एक निघाली.

फोटोला फुलं अध्यक्ष वाहणार होते. ती नित्या वाहील. नित्या, इंगे वा मा. ये, अशी इकडे ये.

चला, उभे राहू या. अविनाशसाठी दोन मिनिटं शांत राहू या. प्रधानसाहेब, डोळे पुसताय? रडायचं असेल तर बाहेर जा. इथे शांतता हवीय.