अठ्ठावन्न सेकंद

हॅलो? … अस्सलाम अलैकुम रफीकचाचा! … अगं, तू? अब्बांच्या फोनवरून काय? मी उगाच सोफ्यावरून उठून उभी राहिले!

बोल. बॅग भरलीस? … जॅकेट घे हं, समरकंदला पहाटे आठ डिग्री आहे. … जेद्दात किती? … चौतीस! तरी घे.

इफरा, ऐक ना, आईला पटवलं मी! ताश्कंदला सामान टाकायचं आणि थेट मेट्रो. ते अंतराळवीरांचं स्टेशन! सोव्हिएत काळातलं. निळ्या भिंती, भिंतीवर गागारिन, तेरेश्कोवा… आणि त्यांच्या रांगेत उलूगबेग! पंधराव्या शतकातला तारे मोजणारा राजा! … हो, फोटो चालतात आता. आधी बंदी होती. अणुबाँब पडला तर लपायची जागा होती ना ती. … आणि ती सौरभट्टी! डोंगरावर बासष्ट अवाढव्य आरसे, सगळं ऊन एका ठिकाणी, तीन हजार डिग्री…

काय? … येत नाहीस म्हणजे? … रडू नको, एकेक सांग. तिकीट? … आहे. उझबेकिस्तानचा व्हिसा? … आहेच, मीच तर फॉर्म भरला तुझा. मग?

एक्झिट री-एन्ट्री! … अगं बाई! सौदीतून बाहेर पडायचाच व्हिसा नाही? उद्या सकाळी विमान! … हो, दर वर्षी दापोलीला जाताना अब्बा काढतात, म्हणून तुझ्या डोक्यातच आलं नाही. मान्य. मग आत्ता काढायला सांग, पाच मिनिटांचं काम…

थांब. चाचांना तू अजून सांगितलंच नाहीयेस? … अम्मींना सांगून काय उपयोग? तुझा इकामा, इथे राहायचा परवानाच, अब्बांच्या नावाखाली! … 'योग्य वेळ' बघत होतीस? महिनाभर?

आणि हा फोन… ते कुठे आहेत? … असरच्या नमाजला. फोन दुकानातच. … सरकारी अ‍ॅप, अबशर, उघडून बसलीयेस? त्यांचं? … पासवर्ड तुला… हो, तूच करतेस त्यांचं सगळं. … नाही. नाही, नाही, इफरा, बटण दाबू नकोस!

… मला काय कमी वाईट वाटतंय का? तीन वर्षं हॉस्टेलच्या भिंतीवर नकाशा लावलेला आपण. … त्यांना येणारा मेसेज डिलीट करशील. बरं. आणि उद्या जेवायला ताटावर तू नाहीस, ते कसं डिलीट करशील? … विचार त्यांना. … नाही म्हणाले, तर मी आणि आई जाऊ, आणि मला काडीची मजा येणार नाही. झालं समाधान?

किती वेळ आहे अजून? … आले? आत? … इफरा? हॅलो?

… अस्सलाम अलैकुम चाचा. मी… मी क्षितिजा. रियाधची. … हो, हॉस्टेलवाली. … आई बरी आहे. बाबापण. … नाही चाचा, तिने दाबलं नाही! शप्पथ! … बघा ना तुम्हीच. … हं. बघितलंत?

हो, उद्या. दहा दिवस. … नाही, दोघीच नाही, माझी आई आहे बरोबर. … चुकलंच. आधी सांगायला हवं होतं. … काय बघायचंय म्हणजे… फक्त पडक्या इमारती नाहीत हो!

चाचा, एक विचारू? तुम्ही घड्याळं दुरुस्त करता ना. चावीचं चांगलं घड्याळ दिवसाला किती चुकतं? … पाच सेकंद. आणि साधं? … वीस. बरं. तर समरकंदला उलूगबेगाने एक दगडी कमान बांधली, चाळीस मीटर त्रिज्येची, अर्धी जमिनीत खोदून. आकाश मोजायला. त्यावरून वर्षाची लांबी काढली. दुर्बीण नाही, सेकंदकाटा नाही. चूक किती असेल? … एक दिवस नाही. … तासही नाही. … कमी. … अजून कमी, चाचा!

अठ्ठावन्न सेकंद! … छे, दिवसाला नाही. अख्ख्या वर्षाला!



हो, ती कमान अजून आहे. जमिनीखालचा भाग शाबूत आहे, जवळून दिसतो. … इफरा बोललीच नाही हे? … घाबरली असेल हो.

आणि ताश्कंदला घड्याळाचा मनोरा आहे! महायुद्धानंतर तुमच्यासारख्याच एका घड्याळवाल्याने त्याचं यंत्र तेव्हाच्या जर्मनीतून आणलं. … कुठल्या कंपनीचं? नाही माहीत. खोटं कशाला सांगू. … वेळ बरोबर दाखवतं का, तेही नाही माहीत. … हो! बघू की! जितके दिवस ताश्कंदला आहोत, रोज बाराला. मनोऱ्यावरची आणि हातातली, दोन्ही वेळा लिहून ठेवू. … तुमचं घड्याळ? दुकानातलं, सेकंदाला लावून? मी अगदी जपून… काय? माझ्या हातात नाही? … इफराच्याच मनगटावर?

… चालेल! चालेल चाचा! पळेल!

रडतेय का ती? … हसतेय? बरं. … चाचा, एकच. त्याच पानावर 'फायनल एक्झिट'पण असतं. ते दाबलंत तर ती परत येऊ शकणार नाही! … चष्मा मशिदीत राहिला, बारीक अक्षरं दिसत नाहीत? मग तुम्ही नका दाबू. तिलाच दाबू दे. … हो चाचा. आता तुमच्यासमोर.

ठेवते, ठेवते. ओटीपी येईल!