बाही कधी चुकलीच नाही!

मंडळी, जरा पुढं सरकून बसा, मागच्यांना जागा द्या. आणि एक सांगा मला — माणूस दिवसभर राबला, घामानं भिजला, म्हणजे त्याच्या हातून काम झालंच का? पाहा, माना कशा पटापट हलल्या! थांबा. आधी ऐका!

मुरगूडला कुमुदताई शिंत्रे नावाची बाई. घरातच शिवणक्लास चालवायची. डोक्यावर साहेब नाही, महिन्याचा पगार नाही. पोरी आल्या तर चूल पेटणार! म्हणून बाई जिवाचं रान करायची. पोरी दिवसभर शिवायच्या, संध्याकाळी घरी जायच्या. मग ही एकेकीचं ब्लाउज उचलायची. टीप वाकडी? उसव! बाही ओढतेय? उसव, पुन्हा बसव! सकाळी पोरी बघतात तर सगळं झकास! पोरी खूश, त्यांच्या आया खूश. आणि बाई? मान धरलेली, डोळे चुरचुरताहेत. नवरा दत्तोबा हाक मारायचा, "अगं, भाकरी गार झाली!"

"तुम्ही जेवा हो. क्लासचं नाव जाईल माझ्या!"

तुम्ही म्हणाल, बुवा, यात वाईट ते काय? बाई सोन्यासारखी! अहो, मी कुठं नाही म्हणतो?

तिच्याच हाताखाली शिकून वैजयंता नावाची पोर बाहेर पडली. बसस्टँडजवळ गाळा घेतला, मशीन टाकलं, बोर्ड लावला. पहिलंच मोठं काम आलं — नवरीचं ब्लाउज! आणि एका दुपारी ही वैजू धापा टाकत ताईंच्या दारात. छातीशी पिशवी, डोळ्यांत पाणी.

"ताई, बाही बसतच नाही! कितीदा उसवली, तरी ओढतेय. उद्या हळद आहे. नवरीची आई म्हणते, कापड नासलंस तर गावभर सांगेन!"

ताईंनी ब्लाउज उलटंसुलटं केलं. डाव्या खांद्याला उजवी बाही, उजव्याला डावी!

"अगं वैजू, हे तर अगदी सुरवातीचं शिक्षण! माझ्याकडं असताना कधी चुकली नाहीस ती?"

"तेच तर कळंना ताई! तुमच्याकडं माझी बाही कधी चुकलीच नाही. संध्याकाळी ओढलेली दिसायची, सकाळी बघावं तर सरळ! मला वाटायचं, घडी घातली की कापड आपोआप बसत असेल!"

हसलात? हसा! पण कुमुदताई हसली नाही, मंडळी. तिला आपलं रोज संध्याकाळचं उसवणं आठवलं. ज्याला ती कष्ट म्हणत होती, त्यानंच या पोरीचं शिक्षण अर्धं ठेवलं होतं! चूक दिसलीच नाही, तर पोर सुधारणार काय?

हात सवयीनं सुईकडं गेला. उचलली — आणि वैजूच्या हातात दिली! "तूच उसव. तूच बसव. मी इथंच आहे."

"ताई, नासलं तर?"

"नाही नासत. बाहीचा गोल कुठल्या बाजूला जास्त खोल कापलाय, बघ. ती बाजू पुढं."

वैजूनं बोटांनी चाचपलं. टाचण्या लावल्या. एक उलटी लागली. ताईंची बोटं शिवशिवली, पण त्यांनी पदर मुठीत धरून ठेवला! पोरीनं आपणच टाचणी काढली, फिरवून लावली. मशीन चाललं... आणि पोर एकदम ओरडली, "ताई, बसली! बसली हो!" दोघी रडल्या, दोघी हसल्या.

त्या संध्याकाळी ताई दत्तोबांसमोर बसल्या आणि आपला अख्खा दिवस उलगडायला लागल्या. हे करते ते पोरीला शिवणं येण्यासाठी, की माझं नाव राहण्यासाठी? पोरींचं उसवून देणं — बंद! सगळ्यांचे मापाचे कागद स्वतः कापून ठेवणं — बंद! घास हातात धरून फोनवर शिकवणं — तेही बंद! समोर बसवून एकदा नीट करून दाखवणं मात्र ठेवलं.

सोपं गेलं? छे! एक आई वाकडं ब्लाउज नाचवत आली. "हेच शिकवता होय?"

ताईंना वाटलं, द्यावं आपणच उसवून! तरी म्हणाल्या, "वाकडं आहे, कारण ते तिनं शिवलंय. सरळही तीच करेल."

ती आई पोरीला घेऊन गेली ती गेलीच. बाकीच्या राहिल्या. हळूहळू पोरी एकमेकींना सांगायला लागल्या, "ए, तुझी बाही उलटी लागतेय बघ!" ताई नुसत्या ऐकत बसायच्या.

आता दिवेलागणीला मशीन कापडानं झाकून ठेवतात आणि नवऱ्याबरोबर गरम भाकरी खातात. दत्तोबानं विचारलं, "आज बरी दिसतेस?"

"मान हलकी झाली हो माझी!"

तर मायबाप, आता तुमच्याकडं वळतो. कुठं निघालात? बसा! पोराचं दप्तर कोण भरतं? सुनेनं निवडलेली भाजी पुन्हा कोण निवडतं? दुकानातल्या गड्यानं बांधलेला पुडा सोडून परत कोण बांधतं? दमता, आणि वर म्हणता, माझ्यावाचून कुणाचं चालत नाही! उद्या सकाळी त्यातलं एक काम सोडून बघा. ज्याचं आहे त्याच्या हातात द्या, आणि शेजारी बसा. होईल थोडं वाकडं. होऊ द्या! आणि रिकामे झालेले ते दोन हात आत्ता वर करा, टाळी वाजवा, देवाचं नाव घ्या!