अद्दमचा बोर्ड आणि आजीची तीट

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कॉलनीतले सर्वांत शांत गृहस्थ माननीय उद्धवराव, मंचावर विराजमान असलेल्या प्रगतीच्या मातोश्री आदरणीय रुक्माबाई, आमच्या महिला मंडळाच्या सर्व पदाधिकारी, पहिल्या रांगेत खुर्ची आणखी पुढे ओढून बसलेल्या माझ्या मातोश्री बयनाबाई, घरचा स्वयंपाक लवकर आटोपून आलेल्या भगिनींनो, मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बंधूंनो, आणि जिच्यासाठी आपण सारे आज इतके नटूनथटून जमलो आहोत ती आपली प्रगती, तुम्हा सर्वांना या पद्मिनीचा सविनय नमस्कार.

मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. पण माझी सारी नोकरी सरकारी कचेरीत झाली, त्यामुळे पेशीच्या तारखा लांबवायची सवय आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं तरी मी रागावणार नाही. त्यांनीही रागावू नये. समोसे गरम आहेत असं मला सांगण्यात आलं आहे, आणि ते झाकून ठेवलेले आहेत.

प्रगती आपलं पार्लर बंद करून बेल्लमपल्लीला चालली आहे. तिचा मुलगा हर्षदीप तिथे नोकरीला लागला, त्यानं घर घेतलं, आईला आणि आजीला बोलावलं. आनंदाचीच गोष्ट आहे. पण आदिलाबादच्या बायकांनी आता भुवया कुणाकडे करायच्या, हा प्रश्न त्याला कुणी विचारला का? मी विचारला. तो म्हणाला, आत्या, रेल्वे आहे, बस आहे. म्हणजे मी भुवया करायला बेल्लमपल्लीपर्यंत जायचं. आणि खरं सांगते, मी जाणार आहे.

या पार्लरचं नाव 'अद्दम' काऊन आहे, हे नव्या लोकांना माहीत नसेल. प्रगती तलमडुगूहून आली, नागपूरला कोर्स करून आली, आमच्या गल्लीत दुकान भाड्यानं घेतलं. गिऱ्हाईक मराठी येईल, तेलुगू येईल, म्हणून नाव तेलुगू ठेवायचं ठरलं. 'अंदम', म्हणजे सौंदर्य. पेंटरला तिनं नाव सांगितलं ते फोनवरून, तेही बसस्टँडवर उभं राहून. त्या गोंगाटात त्याला ऐकू आलं 'अद्दम'. अद्दम म्हणजे आरसा. त्यानं सुबक अक्षरात आरसा लिहून दिला. हिचं शिक्षण मराठी शाळेत, तेलुगू वाचायची ती एकेक अक्षर लावून. बोर्ड लागला, पेढे वाटले, सगळ्यांनी छान छान म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं. एक तेलुगू गृहस्थ होते. त्यांना कपाटाला आरसा बसवून हवा होता.

आम्ही सगळ्या म्हणालो, बाई, बोर्ड बदल. रुक्माबाईंना आठवत असेल ही काय म्हणाली. म्हणाली, "राहू द्या ना ताई. अंदम लिवलं तं गिऱ्हाईक इचारन, कुठी हाय? अद्दम तं भितीवर दाखवता येते." आणि त्या दिवसापासून आमची प्रगती आरसेवाली झाली.

आता कुणाला वाटेल की ही बाई साधेपणाचा उपदेश करणार. मुळीच नाही. मला पावडर आवडते. काजळ घातल्याशिवाय मी दारात आलेलं दूधही घेत नाही. आणि प्रगतीचं तर विचारूच नका. गडद लाल लिपस्टिक लावून ती भाजी आणायला जाते. एकदा एका बाईंनी तिला रस्त्यात अडवून विचारलं, कुणासाठी एवढी नटली गं? ही म्हणाली, आज मंगळवार आहे म्हणून. ती बाई अजून विचार करते आहे की मंगळवारचं काय महत्त्व.

माझी तक्रार नटण्याबद्दल नाहीच. तक्रार आहे ती फोनबद्दल. पूर्वी शेजारीण सांगायची, तुझा रंग जरा उतरला. तिच्याशी भांडता तरी यायचं. आता फोन सांगतो, आणि सांगून लगेच बाटली विकायला काढतो. आमच्या धाकट्या भाचीच्या, स्वराच्या खोलीत जाऊन बघा. चेहरा धुवायची बाटली वेगळी, धुतलेला चेहरा पुन्हा पुसायची वेगळी, सकाळची ट्यूब, रात्रीची ट्यूब. कातडी काचेसारखी झाली पाहिजे म्हणे. अगं, काचेतून आरपार दिसतं, मग चेहरा कुठे दिसणार? ती म्हणाली, आत्या, तुला नाही कळायचं. बरोबर आहे, नाही कळलं.

पण एकदा कळलं. तीच गोष्ट सांगायला मी उभी आहे. आमच्या अदितीच्या लग्नाची. इथल्या निम्म्या लोकांना ती माहीत आहे, पण प्रत्येकाकडे निराळी आहे, म्हणून आज अधिकृत सांगते. माझ्या आईला कॉलनीत सगळे आजी म्हणतात, तेव्हा मीही आजीच म्हणेन. आजी, मधे बोलायचं नाही.

अदिती माझ्या भावाची मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली. आजीनं तिला वाढवलं. रोज शाळेत जाताना आजी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ बोटाला घ्यायची आणि तिच्या कानामागे तीट लावायची. माझ्या सावळीला नजर लागते, म्हणायची. काळ्या पोरीला कशाची नजर, असं कुणी म्हटलं की त्या माणसाला आमच्या घरी पुन्हा चहा मिळत नसे.

अदिती मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न ठरलं. टाळेबंदी उठल्यानंतरची ती पहिली लग्नसराई. हॉल मिळेनात. आम्हाला मिळाला तो वरचा मजला, खालच्या मजल्यावर त्याच मुहूर्ताला एका तेलुगू घरचं लग्न. अदितीनं फोनवर पाहून हैदराबादचा मेकअप ठरवला. 'रॉयल ग्लो' पॅकेज. प्रगतीला काय सांगावं, या संकोचात ती पोर आमच्या गल्लीतून जाईनाशी झाली, मागच्या बाजूनं फिरून यायची. प्रगतीनं एका अक्षरानं विचारलं नाही. लग्नाला मात्र आली, जरीची साडी, मोठा अंबाडा आणि ती लाल लिपस्टिक लावून. पाहुणी म्हणून बोलावलं होतं, पाहुणीसारखी नटून आली.

त्याआधी पॅकेजवाल्यांनी अदितीची ट्रायल घेतली होती. तिचा फोटो तिनं आजीला दाखवला होता. आजी फोटोकडे बघतच राहिली. मग म्हणाली, असं दिसणार असशील तर मले ध्यानात ठेवा लागन. आणि खरोखर तो चेहरा तिनं पाठ करून ठेवला. दुधासारखा रंग, लांब पापण्या, गालावर चमक. इथेच सारा घोटाळा झाला.

लग्नाच्या दिवशी आजी काजळाची डबी घेऊन निघाली. तिला सांगितलं होतं, नवरीची खोली उजव्या हाताला. उजव्या हाताला खोली वरही होती आणि खालीही. गुडघ्यांनी कौल दिला खालच्या खोलीला. आत खुर्चीवर नवरी बसलेली, गळ्यापर्यंत पांढरं कापड लपेटलेलं, त्यामुळे साडी दिसेना. चेहरा मात्र थेट फोटोतला. का नसणार? खालच्यांनीही तेच पॅकेज घेतलं होतं. एकच टोळी, दोघी मुली, एक वर आणि एक खाली, आणि रंगाचे डबे तेच.

आजीनं बोटाला काजळ घेतलं आणि लावली तीट. केसांतल्या पिनांमुळे कानामागे बोट जाईना, म्हणून गालावर लावली. आणि गंमत अशी की तेलुगू लोकांत नवरीच्या गालावर असा काळा ठिपका लावायचीच रीत आहे. बुग्ग चुक्क म्हणतात त्याला. त्या मंडळींना वाटलं, नवऱ्याकडची कुणी जाणती अम्मम्मा, म्हणजे आजी, मायेनं आली. त्यांनी कूर्चोंडी, कूर्चोंडी करत तिला बसवलं, कुंकू लावलं, केळी दिली, खण दिला. आजीची तेलुगू बाजारापुरती. तिनं सगळ्याला 'सरे, सरे', म्हणजे बरं, बरं, म्हटलं आणि मनात म्हणाली, आपल्या सुधाकरचे इतके तेलुगू दोस्त कधी झाले? सुधाकरराव म्हणजे माझा भाऊ, अदितीचा बाप. तो वर घामाघूम होऊन आईला शोधत होता.

शेवटी ती सापडली. हात धरून वर आणली. अदिती तयार होऊन बसली होती. सगळं झालं होतं, राहिली होती ती फक्त आजीची तीट. आजी दारात आली, तिच्याकडे पाहिलं आणि थबकली. मला म्हणाली, "अदितीले तं मी आत्ताच तीट लावून आली. खाली बसली हाय थे. हे कोण व्हय?"

आम्ही हसलो. हसणारच ना? पण अदिती हसली नाही. तिनं आरशात पाहिलं. मग हळूच मला म्हणाली, "आत्या, आजीचं बरोबर आहे. मलाही मी सापडत नाही." आणि तिचे डोळे भरून आले. बाहेर भटजी नवरीला आणा म्हणून हाका मारत होते, आणि ही म्हणे, आजी ओळखत नसेल तर मी अशी बाहेर येणार नाही. जिनं आई होऊन वाढवलं तिनंच परकी ठरवली, तर बोहल्यावर उभी कोण राहणार? कचेरीतला कुठलाही कागद मी अडवू शकते, सोडवू शकते. इथे काय करायचं ते सुचेना.

गर्दीतून प्रगती पुढे आली. तिनं पदर खोचला. आजीला म्हणाली, "आजी, थांबा जरा. तुमची अदिती आतच हाय. काहाडून देतो."

पॅकेजवाली मुलगी आधी घाबरली. तिचंही खरं होतं, फोटो राहिले होते. पण अदितीचे डोळे पाहिल्यावर तिनंच कापूस पुढे केला. दोघींनी मिळून तो चेहरा उतरवला, धुतला. मग नवा रंग लावायची वेळ आली, तर हैदराबादच्या त्या भल्यामोठ्या पेटीत अदितीचा रंगच नव्हता. दुधापासून सुरू होऊन गव्हापर्यंत येऊन ती पेटी संपत होती. माझी भाची त्या पॅकेजच्या हिशेबात जन्मलीच नव्हती. प्रगतीनं आपली पर्स उघडली, स्वतःची रोजची डबी काढली, तिच्या गालाला लावून पाहिली. मिळाली. मिळणारच होती, दोघींचा रंग एक. भुवयांचा आकार तर पहिल्यापासून तिच्याच हातचा होता. वर थोडं काजळ, आणि ओठांना तोच लाल रंग. त्या गडबडीतही मी म्हटलं, अगं, नवरीला एवढा गडद? तर म्हणाली, ताई, आज मंगळवारापेक्षा मोठा दिवस हाय.

भटजींचा आवाज चढत होता. मुहूर्त थोडा हलला, हे मी आज जाहीरपणे कबूल करते. संसाराला काही झालेलं नाही.

मग आजीला पुन्हा आत बोलावलं. ती पुन्हा दारात उभी राहिली. आजीनं पाहिलं आणि म्हणाली, "काऊन रडून राह्यली वं? मी खाली चुकीच्या घरी गेलती." बस, एवढंच. मग डबी उघडली आणि तीट लावली. कानामागे नाही, गालावर लावली. खाली लावून पाहिली, चांगली दिसते, म्हणाली.

फोटोवाल्यानं नंतर विचारलं होतं, गालावरचा तो डाग काढून टाकू का? अदितीनं कळवलं, डाग राहू द्या, बाकी काय काढायचं ते काढा. आज ती पुण्याहून येऊ शकली नाही, पण तो फोटो तिच्या दारासमोरच लावलेला आहे. आणि खालची नवरी मौनिका, तेव्हापासून आजीकडे येणारी-जाणारी, आज आपल्यात आहे. तिसऱ्या रांगेत, मांडीवर बाळ घेऊन. बाळाच्या गालाकडे बघा. ते काजळ आमच्या घरचं आहे.

तर प्रगती, मंडळातर्फे तुला एक भेट आहे. तुझ्या नव्या दुकानाचा बोर्ड. पेंटरला यावेळी मी स्वतः समोर बसून लिहायला लावलं. त्यानं तीनदा सांगितलं, मॅडम, पार्लर असेल तर अंदम पाहिजे, ही चूक आहे. मी म्हटलं, आम्हाला हीच चूक पाहिजे. 'अद्दम'च लिहिलं आहे. बेल्लमपल्लीत पहिलं गिऱ्हाईक कपाटाचा आरसा मागायला आलं, तर त्याला आमचा नमस्कार सांग.

अध्यक्षांनी आता उघडपणे घड्याळ पाहिलं आहे. त्यांच्या सहनशीलतेचे, रुक्माबाईंच्या उपस्थितीचे, हॉल झाडून खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि समोसे झाकून ठेवणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते. बोलताना कुठे रंग जास्त लागला असेल, कुणाच्या डोळ्यांत पावडर गेली असेल, तर ओल्या कापसानं पुसून टाका आणि मोठ्या मनानं मला क्षमा करा.

फक्त एक राहिलं. आजीला आता नीट दिसत नाही. येताना ती सारखी म्हणत होती, प्रगती मले ओळखू यील ना? मलाही धाकधूक होती, कारण आज प्रगतीच्या हाताखाली पार्लरचं काम शिकलेल्या मुलींनी हौसेनं तिचे केस वेगळे केले आहेत, डोळ्यांवर नवा चष्मा आहे, आणि चेहऱ्यावर काय काय आहे ते मोजायला नको. पण मघाशी ही दारातून आत आली, आणि आजी लांबूनच म्हणाली, "आली माही पोरगी."

प्रगती, डोळे नंतर पूस. आधी इकडे ये. आजीनं डबी केव्हाच उघडली आहे.