डबल बेलवर निघालेली गाडी

आत्तापर्यंतची शेवटची खबर अशी की, आमची भाड्याची कॅम्परव्हॅन, माझे पती व दोन्ही मुले पुलाजवळच्या पोलीस चौकीच्या आवारात सुखरूप आहेत. तेथील हवालदारांनी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास ठाण्यात फोन करून हे स्वतः कळवले. त्या वेळी धाकटा मुलगा चौकीतल्या टेबलावर बसून बिस्किटे खात होता, असेही ते म्हणाले. त्यानंतर माझा जबाब लिहायला घेतला.

जबाब देणार स्त्री, वय ३४ वर्षे, धंदा बेकरीत रात्रपाळीची कारागीर, राहणार बस डेपोच्या मागची कर्मचारी वसाहत, दुसरा मजला, जिन्यालगतचे घर.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती, मुलगी वय सहा व मुलगा वय तीन यांच्यासह राहते. मुलाला घरी भोपळ्या म्हणतात. पती डेपोत बसचालक आहेत. चौदा वर्षांत त्यांनी हजारो लोकांना सुट्टीच्या ठिकाणी नेऊन सोडले आहे, पण स्वतः कधी सुट्टीवर गेले नव्हते. या वर्षी दोघांची रजा एकाच आठवड्यात मंजूर झाली, म्हणून आम्ही ही गाडी भाड्याने घेतली. गाडीत झोपायची जागा, शेगडी, बेसिन आणि घडीचे टेबल आहे. चालकाच्या डोक्यावर झोपायला एक फळी आहे, तिला आम्ही माळा म्हणतो. चालकाची जागा आणि मागची खोली यांच्यामध्ये पडदा आहे.

माझी पाळी रात्री दहाला सुरू होते व पहाटे सुटते. मी सकाळी झोपते. त्यामुळे आमच्या घरात सकाळी सगळे हळू बोलतात. भोपळ्याला बोलता यायच्या आधी तोंडावर बोट ठेवता येत होते. मुलांना रात्री झोपवायचे काम पती करतात. या प्रवासापूर्वी मी मुलांच्या शेजारी रात्रभर कधी झोपले नव्हते.

पहिल्या रात्री तळ्याकाठच्या मैदानावर मुक्काम केला. मुलांनी खेळण्यातल्या गाड्या धुण्यात पिण्याच्या पाण्याची टाकी रिकामी केली. टेबलाचा पलंग होतो हे कळल्यावर त्यांनी तो इतक्या वेळा घातला आणि मोडला की पतींना जेवण मांडीवर घ्यावे लागले. पती त्याच पलंगावर झोपले. पलंग आखूड असल्याने त्यांचे पाय बेसिनखाली होते. मी माळ्यावर दोन्ही मुलांच्या मध्ये झोपले. शरीराला सवय नसल्याने मला झोप लागली नाही. भोपळ्या झोपेत दात खातो, हे मला माहीत नव्हते. थोरली झोपेत ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणते. दुसरी रात्र घाटमाथ्यावरच्या मैदानावर, तीही अशीच गेली. याबाबत माझी काही तक्रार नाही.

घरून निघालो त्या सकाळी व काल सकाळी गाडी निघाली तेव्हा मी माळ्यावर झोपलेली होते. चालत्या गाडीत तेथे झोपणे नियमाला धरून नाही, हे मला आत्ता सांगण्यात आले. मला व पतींना ते माहीत नव्हते. यापुढे तसे करणार नाही.

पती-पत्नींत काही वाद होता का, असे विचारल्यावरून सांगते की, काल दुपारी एक वाद झाला. पती गाडी मागे घेत होते व मी बाहेर उभी राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत होते. गाडी झुडपात गेली. पती म्हणाले, “अगं, येऊ द्या म्हणजे कुठपर्यंत?” मी म्हणाले, “झुडूप तुम्हाला दिसत नाही का? चौदा वर्षं काय आरशात भांग पाडत होतात?” त्यावर मुले इतकी हसली की वाद तेथेच संपला. याखेरीज वाद नाही.

आता आजच्या घटनेबाबत. थोरलीने घरून येताना आपल्या सायकलची घंटी आणली होती. पतींनी ती तिच्या आसनाजवळच्या खिडकीच्या दांडीला घट्ट बसवून दिली. तेव्हापासून ती कंडक्टर आहे. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे निघा. गाडी चालू असताना चालकाशी बोलायचे नाही, हा नियमही तिनेच पुठ्ठ्यावर लिहून पडद्याला टाचला आहे. पती हे सर्व खेळ म्हणून करतात असे मला वाटत होते. पण डबल बेल झाली की त्यांचा पाय आपोआप क्लचवर जातो, हे मला आज कळले.

आज सकाळी नऊच्या सुमारास पती गाडीबाहेर होते. ते विजेची वायर गुंडाळत होते व चाकाखालचे ठोकळे काढत होते. मी झोपले आहे अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात मी जागी होते. मुलांना आसनावर बसवून मी त्यांचे पट्टे लावले. मैदान सोडण्यापूर्वी बेसिनचे सांडपाणी ठरलेल्या गटारात ओतावे, असा तेथील नियम आहे. मी सांडपाण्याची बादली घेऊन मागच्या दाराने उतरले व न्हाणीघराच्या पलीकडे गेले. माझ्या अंगावर गाऊन व पतींचा स्वेटर होता. पायात काही नव्हते. माझा फोन गाडीत होता.

त्यानंतरचे मला थोरलीने फोनवर सांगितले ते असे. पती पुढे येऊन बसले. पडद्याआडून त्यांनी दबक्या आवाजात विचारले, “सगळे बसले का?” ती म्हणाली, “बसले.” तिने डबल बेल दिली. पती निघाले.

मी रिकामी बादली घेऊन न्हाणीघरामागून आले तेव्हा गाडी फाटकाच्या दिशेने जात होती. खिडकीतून भोपळ्या मला टाटा करत होता. मी बादलीसह धावले. मी “अहो! अहो, थांबा!” असे ओरडले. गाडी वळणाआड गेली. मी फाटकाबाहेर मोठ्या झाडापर्यंत गेले व परत आले. जेथे आमची गाडी उभी होती तेथे चाकांखालचे गवत चेपलेले होते.

शेजारच्या तंबूत एक दंतवैद्य बाई एकट्या राहत होत्या. त्यांनी मला बसवले, चहा दिला व पोलिसांना फोन केला. नवरा बायकोला टाकून मुलांना घेऊन पळाला, असे त्यांनी कळवले. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच कळवले असते. त्यांना दोष देऊ नये. त्यांनी मला विचारले, “हे असं आधी कधी केलंय का त्यांनी?” मी दम लागलेली असताना म्हणाले, “रोजचंच आहे हो त्यांचं. डबल बेल झाली की मागे वळून बघत नाहीत.” हे वाक्य तक्रारीत ‘रोजच टाकून जातात’ असे नोंदले गेले आहे. ते मी बसच्या कामाबद्दल बोलले होते. पतींनी मला आजवर बसथांब्यावरसुद्धा एकटे सोडलेले नाही.

बाई म्हणाल्या, “घाबरू नका. अशा माणसाला सोडायचं नाही.”

मी म्हणाले, “सोडत नाहीच. एकदा हाती लागू देत.”

हेही तक्रारीत आहे, असे येथील ठाण्याच्या साहेबांनी मला दाखवले.

मैदानाच्या व्यवस्थापकांच्या फोनवरून मी पतींना फोन केले. ते लागले नाहीत. गाडी चालवताना फोन बंद करून कप्प्यात ठेवायचा, हा डेपोचा नियम ते सुट्टीतही पाळतात. पोलिसांची जीप आली व मला येथे आणले. येथील महिला शिपायांनी मला आपल्या चपला दिल्या.

यानंतरचा मजकूर पुलाजवळच्या चौकीच्या हवालदारांनी फोनवर सांगितला. येथील अंमलदारांनी तो माझ्यासमोर ऐकला. चौकीला गाडीचा नंबर मिळाला होता. पळून जाणारी गाडी भरधाव येईल म्हणून दोन शिपाई रस्त्यावर उभे होते. गाडी आली ती सायकलच्या वेगाने. तिच्यामागे ट्रक, मोटारी व एक मेंढरांनी भरलेला टेम्पो अशी लांबलचक रांग होती. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते व माझे पती खिडकीतून हात काढून त्यांना हळू, हळू अशी खूण करत होते. प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी जवळजवळ थांबत होती. एरवी पाऊण तास लागणाऱ्या रस्त्याला त्यांना दोन तास लागले.

हवालदारांनी गाडी बाजूला घ्यायला लावली व दारावर काठी आपटून “खाली उतरा!” असे दरडावले. पतींनी तोंडावर बोट ठेवले व म्हणाले, “हळू बोला ना साहेब, बायको झोपलीय.”

हवालदार म्हणाले, “कुठे?”

पतींनी माळ्याकडे बोट केले. हवालदारांनी पडदा सरकवला. माळ्यावर माझी गोधडी व उशी होती. हवालदारांच्या म्हणण्याप्रमाणे पतींनी गोधडी उचलून पाहिली, उशी उचलून पाहिली, मग बेसिनखालचे कपाट उघडून पाहिले. मग ते गाडीच्या पायरीवर बसले. त्यांना पाणी देण्यात आले.

त्यानंतर त्यांना माझ्याशी बोलू दिले. आमच्यात झालेले बोलणे असे:

“अगं, तू कुठे आहेस?”

“पोलीस ठाण्यात.”

“का? काय केलंस?”

“मी काय करणार? तुम्ही टाकून गेलात मला.”

“मी? अगं, तू उठू नयेस म्हणून अख्खा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो मी. क्लचचा वास यायला लागला.”

मग थोरलीने फोन घेतला. आई गाडीत नाही हे माहीत असून बेल का दिलीस, असे मी विचारले. ती म्हणाली, “तू उतरलीस ना. उतरलेल्यांसाठी गाडी थांबत नाही.”

“मग बाबांना सांगायचं तरी.”

“गाडी चालू असताना चालकाशी बोलायचं नसतं. आणि मला वाटलं, तू मागच्या गाडीने येतेयस.”

डेपोतली माणसे अशीच मागच्या गाडीने येतात व ती लहानपणापासून ते पाहत आली आहे. निघताना पती “झोपमोड नको हं” म्हणाले होते. भोपळ्या टाटा करून झाल्यावर लगेच झोपला होता, म्हणून ते त्याच्याबद्दल आहे असे तिला वाटले. तिने दोन तास त्याला कोणी उठवू दिले नाही. त्याचा तिला अभिमान आहे.

माझे सांगणे असे की, पतींनी मुलांना पळवलेले नाही. मुलांना किंवा मला त्यांच्यापासून कसलाही धोका नाही व नव्हता. बसचालकावर गुन्हा नोंदला गेला तर चौकशी पुरी होईपर्यंत त्याला स्टिअरिंगला हात लावू देत नाहीत. पतींना दुसरे काम येत नाही व त्यांनी दुसरे कधी करू पाहिलेलेही नाही. गाडी तपासासाठी येथे ठेवून घेतली तर आमच्या सुट्टीच्या उरलेल्या चार रात्री जातील. पुढच्या वर्षी दोघांची रजा एकत्र मिळेल याची खात्री नाही. पुढच्या वर्षी मुलगी सात वर्षांची होईल व मुलगा चार. ही तक्रार गैरसमजातून झाल्याची नोंद करून बंद करावी, ही विनंती.

दंतवैद्य बाई अकरा वाजता स्वतः ठाण्यात आल्या. त्यांनी वरील सर्व ऐकले. त्यांनी आपली तक्रार मागे घेत असल्याचे लिहून दिले आहे. हवालदारांनी सांगितलेला भाग ऐकताना त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा पुसावा लागला. जाताना त्या मला म्हणाल्या, “माझे हे हॉर्न वाजवून उठवायचे हो.” साहेबांनी गुन्हा नोंदवण्याचे कारण दिसत नाही असे सांगितले आहे. पतींना माळ्याबाबत व रस्ता अडवल्याबाबत तोंडी समज देण्यात येणार आहे.

हा जबाब अंमलदारांनी मला वाचून दाखवला. पती घाटातून कसे आले तो भाग मी त्यांना पुन्हा एकदा वाचायला सांगितला व त्यांनी वाचला. सर्व मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे. त्यात कमी-जास्त करायचे नाही, म्हणून सही करते.

गाडी चौकीवरून निघाली आहे. सोबत एक शिपाई आहे व त्यांना थोरलीने तिकीट दिले असल्याचे कळते. गाडी पाऊण तासात येथे पोहोचेल, पती नेहमीसारखी चालवत असतील तर त्याआधीच. तोवर मी ठाण्याच्या पायरीवर बसणार आहे. पतींना आत आल्याबरोबर समज देऊ नये, आधी मला त्यांच्यापाशी जाऊ द्यावे, हे साहेबांनी मान्य केले आहे. संध्याकाळपर्यंत आम्ही समुद्रावर पोहोचू.