काळ्या बिअरमधलं लोणी

राइट टाउनातल्या नाक-कान-घशाच्या दवाखान्यात मेघना आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारचं बाक सारखं हलत होतं, आणि त्यावरच्या नवरा-बायकोचं बोलणं काही केल्या कानाआड होत नव्हतं.

"पाय काहून हलवून राहिले तुम्ही?"

"उद्या कारखान्यात हिवाळ्याची काळी बिअर चाखायची आहे, राजश्री. मी हो म्हटलं की बाटल्या भरतील. अन् सर्दी गेली तरी मला वासच नाही येत."

"साहेबाला सांगितलं?"

"पंधरा वर्षं नाकावरच तर नोकरी केली. काय सांगू?"

"काल नमुन्याची बाटली आणली, ती कशी लागली?"

"कडू. नुसती कडू. चलो, पास करून टाकतो."

"करू नका. मी चाखली."

"तू?"

"एक घोट. आधी करपलेली कॉफी, मग तळाशी लागलेली काकवी. छातीत शेकोटी पेटल्यागत उतरते. पण सरता सरता लोणी लागते."

"लोणी? नक्की?"

"घरी लोणी कोण काढते?"

"मग कच्ची आहे ती. अजून आठ दिवस टाकीत पाहिजे. मी तर पास करून राहिलो होतो."

"अन् पुढच्या टाकीला काय कराल?"

बाक हलायचं थांबलं.

"नीलकंठ जी, आइए," नर्सनं दारातून हाक मारली. "दीदी, आप बाहर ही बैठिए."

"इन्हें भी आने दीजिए," तो उठत म्हणाला. "मरीज मैं हूँ, पर सूंघती ये हैं. कल साहब को भी यही बताऊँगा."