एका बाहीचा सदरा

...नाही, मग टाकायची कुठं, सांगा ना! कविता केली म्हणजे काय गुन्हा केला का मी? तुम्हाला सांगतो, मला सही येते, बाकी अक्षरांशी नुसती तोंडओळख. पण ह्या फोनपुढं बोललं की तो मुकाट लिहितो. बायकोनं जन्मात माझं एवढं ऐकलं नाही!

तर ती गेली. माझा सदरा शिवता शिवता गेली. एक बाही लावून झाली, दुसरी मशीनवर तशीच. मी आपलं फोनला सांगितलं...

सुईत दोरा तसाच गं, पायडलावर पाय नाही,
बाही एकच सदऱ्याला, दुसरीची काही सोय नाही...

झालं. आता टाकायची कुठं? म्हटलं, घरच्यांच्या ग्रुपवर टाकू, आपलीच माणसं. तर साडूचं लगेच उत्तर, सुनेनं वाचून दाखवलं, "साडूबुवा, एक बाही! हसून हसून पोट दुखलं!" आणि त्याच्या मागनं सगळ्यांची ती पिवळी तोंडं, डोळ्यांतनं पाणी काढून हसणारी! अहो, बायको गेली माझी! पण माझी कीर्तीच तशी. जन्मभर लोकांच्या चपला लपवल्या, साखरेच्या डब्यात मीठ भरलं, आता मी "छातीत दुखतंय" म्हटलं तरी लोक टाळ्या देतील!

मग टाकायची कुठं? बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली. सेक्रेटरी म्हणतो, "आजोबा, इथं फक्त लिफ्ट आणि पाणी." आता माझ्या डोळ्यांत होतं ते काय सरबत होतं का रे?

सून म्हणाली, "बाबा, कवींचं वेगळं पान असतं, तिथं टाका." टाकली. तिथल्या बाई निवांत, चष्मा पुसून बोलल्यासारख्या... "भावना पोचली. पण सुई-दोरा ही प्रतिमा आता फार जुनी झाली." अहो बाई, मशीनच जुनं आहे! बायको जुनी होती! नवीन कुठनं आणू?

मग टाकायची कुठं, तुम्हीच सांगा!

त्यात ते मशीन. येता-जाता दिसायचं. मीच म्हटलं सुनेला, काढून टाक, बघवत नाही. तिनं जुन्या वस्तू विकायच्या पानावर फोटो चढवला आणि फोन माझ्या हातात दिला, "बाबा, इथं वस्तूबद्दल चार शब्द बोला, तुम्हालाच ठाऊक." आता मला काय ठाऊक होतं? एवढंच ठाऊक होतं. बोललो. सुईत दोरा तसाच गं...

लोक काय विचारतात? "फायनल किती?" "झाकण आहे का?" एक म्हणतो, "दुसऱ्या बाहीची गॅरंटी देता का?" मला हसू आलं, खरं सांगतो. हा माझ्याच जातीचा!

आणि एक पोरगी आली घरी. साधी, शिवणकाम करणारी, बोटाला सुईची भोकं. मशीनपुढं उभी राहिली, फोन काढला आणि मोठ्यानं वाचायला लागली. माझी कविता! दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली मी. "सोय नाही"पाशी आली आणि... फोन खाली घेतला. ओढणीनं डोळे पुसले. म्हणाली, "आजोबा, मी जपेन हो हिला." मशीनला 'हिला' म्हणाली! मी आपला टेम्पोवाल्याला उगाच ओरडत होतो, "सावकाश रे, सावकाश!"

गेली.

आत आलो, सुनेला म्हटलं, त्या पोरीनं वाचलं ते पान दाखव गं पुन्हा. तर म्हणे, "बाबा, वस्तू विकली की पान पुसलं जातं." म्हणजे बघा, एक वाचक मिळाला, तोही मशीन घेऊन गेला! कविता पाठ आहे हो मला. पण मला पाठ असून उपयोग काय, माझं रडून झालंय!

आता फोन विचारतोय, "ग्राहक कसा वाटला? तारे द्या."

दिले. होते नव्हते तेवढे सगळे देऊन टाकले.