पेशंटचा पलंग, वापरलेला, विकणे आहे

नाही नाही, तुम्हीच मला सांगा, एक साधा पलंग विकायचा तर माणसाला इतके प्रश्न विचारायची काय गरज आहे? वस्तूचं नाव काय, वस्तू किती जुनी, वस्तू का विकताय... का विकताय! अरे बाबा, नकोय म्हणून विकतोय, तुला काय करायचंय? आणि हे सगळं भरून झालं, बोटं दुखून आली, की सगळ्यात शेवटी पडद्यावर दोन गोल येतात. एक, ठरलेली किंमत. दुसरा, लिलाव. कुठल्याही एकावर बोट ठेवा म्हणे. ठेवा काय ठेवा! तुम्हाला सांगतो, त्या दोन गोलांनी आमच्या घराची जी काय वाट लावली ती ऐकलीत, तर तुम्ही घरातली फुटकी बादलीसुद्धा विकायला काढणार नाही.

बरं, पलंग साधा म्हटलं खरं, पण तो पेशंटचा. लोखंडी. पायाशी हँडल, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू कुरकुरत वर येते, दोन्ही बाजूंना कठडे, खाली चार चाकं, त्यातलं एक कायम रुसलेलं. आमच्या आईसाठी आणला होता. साडेचार वर्षं आई त्याच्यावर, पुढच्या खोलीत, आणि शेजारी जमिनीवर चटई टाकून आमची वहिनी. दादा नोकरीवर, आणि मी... मी औषधं आणायचो. आणायचो हां, उगाच खोटं नाही! पण कूस बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, कण्हली की उठायचं, ते सगळं वहिनी. आता आई जाऊन दोन महिने झाले, पण वहिनीचं उठणं काही थांबेना. पलंग रिकामा, गादी गुंडाळलेली, आणि वाऱ्याने खिडकी जरी वाजली तरी ही ताडकन उठून बसणार आणि हात सरळ कठड्याकडे! एक दिवस चहा गाळता गाळता मला म्हणाली, "भाऊजी, तो पलंग एवढा घालवा घरातून. तो गेला की त्या खोलीचं दार लावून मी एक दिवस उशिरापर्यंत झोपणार आहे." बस्स. एवढंच मागणं. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या बाईने मागितलेली ही पहिली गोष्ट असेल. फक्त भंगारात घालू नका म्हणाली, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. मी म्हटलं, घालवतो की! माझं काय, मी आपला फोटो काढणारा माणूस.

तर काढले फोटो. वहिनी म्हणाली ठरलेली किंमतच ठेवा, म्हणजे ज्याला खरी नड आहे तो घरी येईल, माणूस बघून देता येईल. ठेवली. नव्याच्या निम्मी. आणि मग सुरू झालं ते! पहिला विचारतो, "अजून आहे का?" आहे म्हटलं. गायब. दुसरा, "अजून आहे का?" आहे बाबा. तोही गायब. यांना फक्त जगात पलंग आहेत एवढी खात्री करून घ्यायची होती की काय कोण जाणे. तिसरा म्हणे, "शेवटची किंमत काय?" अरे, पहिली लिहिलीय ती वाच ना, शेवटची कुठून आणू? एक मुलांचं वसतिगृह चालवणारा होता, त्याला एका पलंगावर दोघं मावतील का ते हवं होतं. एका नाटक मंडळीला तीन प्रयोगांपुरता भाड्याने हवा होता, नायिका तिसऱ्या अंकात मरते म्हणून. आणि एक गृहस्थ तर घरी आले, बसले, चहा प्यायले, पलंगाला चार वेळा हात लावला आणि आवाज खाली आणून म्हणतात कसे, "बाई याच्यावरच गेल्या का हो? नाही, तसं असेल तर थोडं कमी करायला हवं." वहिनी शांतपणे म्हणाली, "त्या माझ्या हातावर गेल्या. पलंगाचा काही दोष नाही." गृहस्थ उठले, चपला घातल्या, गेले. कप मी विसळला.

महिना गेला. पलंग जागचा हलेना, वहिनीला झोप लागेना. मग त्या साइटवाल्यांचाच निरोप आला, आपली वस्तू बराच काळ पडून आहे, लिलाव करून पाहा, सुरुवात एक रुपयापासून ठेवा, गर्दी होते. मी दादाला विचारलं. दादा पेपरच्या मागून म्हणाला, बघा तुम्ही काय ते. आमच्या दादाने आयुष्यात या एका वाक्यावर संसार केलाय. वहिनी मात्र नको नको म्हणत होती. लिलावात माणूस दिसत नाही, आकडा दिसतो, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, वहिनी, तुला पलंग घालवायचाय का जावई शोधायचाय? आणि ठेवलं बोट दुसऱ्या गोलावर. म्हणजे बोट माझं, पण कल्पना साइटवाल्यांची. मी आपला फोटो काढणारा माणूस!

आणि काय सांगू तुम्हाला, गर्दी झाली हो! चार दिवस दहा-बारा टोपणनावं नुसती घोंगावत होती, मग एकेक गळत गेलं आणि शनिवारी दुपारी उरले दोन. एकाचं नाव शांतसागर, दुसरीचं पाऊलवाट. शांतसागरने पाचशे वाढवले की पाऊलवाट हजार वाढवते. ती हजार की हा दोन हजार! नव्याची निम्मी किंमत मागे पडली. मी टाळी वाजवली. मग नव्याची अख्खी किंमत मागे पडली, तसा दादासुद्धा पेपर ठेवून आला, आणि दादा पेपर ठेवतो म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. मी तर मनातल्या मनात घराला रंग देऊन मोकळा झालो होतो.

वहिनी तेवढी माझ्या खुर्चीमागे उभी, पदराला हात पुसत. म्हणाली, नवा याच्यापेक्षा स्वस्तात मिळतो ना, मग ही दोघं जुन्यासाठी का एवढी झोंबताहेत? मी म्हटलं नवा यायला आठ-दहा दिवस लागतात, यांना तातडी असेल. तर तिचा चेहरा उतरला. म्हणजे दोन घरांत दोन माणसं अडलीत, म्हणाली, आणि आपण मजा बघतोय. थांबवा हे, ज्याला जास्त गरज आहे त्याला फुकट देऊ. आता कसं थांबवणार? एकदा बोली लागली की विकणाऱ्याला मागे फिरता येत नाही, नियमच तसा. सहा वाजले, घंटी वाजली. शांतसागर जिंकला. नव्याच्या जवळजवळ दुप्पट! मी उडालो, दादा हसला, आणि वहिनी म्हणाली, "त्या पाऊलवाटेच्या घरचं माणूस आज कशावर झोपेल?" अशी ही बाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास शांतसागर हजर. गळ्यात टाय, हातात गाडीची किल्ली, पाठीमागे टेंपोवाला. पैसे मोजून टेबलावर ठेवले, पावतीसुद्धा मागितली नाही. वहिनी लागली समजावायला, हँडल असं फिरवा, एकदम नको, मान हिसकते. हा कठडा रात्री वर. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. तो आपला मोबाइलमध्ये. तिने विचारलं, रात्री तुम्ही उठता का घरचं कोणी? तर मान वर न करता म्हणतो, "मला नका सांगू हो, पलंग ताईकडे जाणार आहे. आईला ती ठेवणार."

एवढ्यात जाहिरातीतला पत्ता शोधत एक चष्मेवाल्या बाई धापा टाकत जिन्यावरून वर. दारातच ओरडल्या, माझ्या घरी तो पलंग उतरवायचा नाही! आता ओळखा कोण. पाऊलवाट! अहो, सख्खी बहीण! दोन घरं नव्हती, दोन पेशंट नव्हते. आई एकच. दवाखान्याच्या व्हरांड्यात या दोघांचं असं ठरलं होतं, की जो पलंग देईल त्याचं कर्तव्य झालं, आई दुसऱ्याने न्यायची. कळलं का? म्हणून ती चुरस! आईसाठी नव्हती हो ती, आई आपल्याकडे येऊ नये म्हणून होती! आणि मी टाळ्या वाजवत होतो... नाही पण मला काय माहीत? मी आपला फोटो काढणारा माणूस.

मग आमच्या पुढच्या खोलीत, आमच्याच पलंगाच्या दोन बाजूंना दोघं उभी. हा म्हणतो, मी जास्त मोजलेत, आता तुझी पाळी. ती म्हणते, तू मुद्दाम वाढवलेस, मला परवडणार नाही हे ठाऊक होतं तुला. हा म्हणतो माझं घर तिसऱ्या मजल्यावर, ती म्हणते माझ्याकडे दोनच खोल्या. टेंपोवाला दर पाच मिनिटांनी विचारतोय, साहेब, न्यायचा कुठे? शेवटी तो कंटाळून निघून गेला. दादाने पेपर परत तोंडापुढे धरला. आणि वहिनी एकदम म्हणाली, "आई आत्ता कुठे आहेत?"

हा टाय सैल करतोय, ती चष्मा पुसतेय. मग तो म्हणाला, सकाळीच सोडलं दवाखान्यातून... खाली गाडीत आहे.

खाली. गाडीत. भर दुपारी. वहिनी अनवाणी जिना उतरली, तुम्हाला सांगतो, मी तिच्यामागे धावलो तरी गाठता आली नाही. मागच्या सीटवर म्हातारी एवढीशी होऊन बसलेली, मांडीवर एक्स-रेचं पाकीट, काच दोन बोटं उघडी, घामाने केस कपाळाला चिकटलेले. वहिनीने दार उघडलं. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, ओळख ना पाळख, आणि विचारलं, "पोचलो का गं आपण?"

वहिनी म्हणाली, "हो. पोचलो."

मी आणि दादाने खुर्चीत बसवून वर आणलं. वहिनीने गुंडाळलेली गादी उलगडली, म्हातारीला निजवलं, हँडल सावकाश फिरवलं, पाणी पाजलं. साडेचार वर्षांचा हात तो, त्याला विचारावं लागत नाही. म्हातारी दहा मिनिटांत घोरायला लागली, आणि त्या दोघांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला म्हणता! हा म्हणाला, थोडे दिवस इथेच राहिली तर... तुम्हाला सवय आहे म्हणून. ती म्हणाली, आम्ही पैसे देऊ, तुम्ही सांगाल ते. मी वहिनीच्या कानाला लागलो, म्हटलं, आत्ताच आकडा सांगू नकोस, दोघांना चढू दे, चांगली चढताहेत. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरकलो.

मग तिने सांगितली किंमत. महिन्याची. ठरलेली. "यात कमी नाही आणि जास्तही नको," म्हणाली. दिवसाचं इतकं, रात्रीच्या जागरणाचं वेगळं इतकं, सगळं तिला तोंडपाठ. दोघांनी एका दमात हो म्हटलं. आणि आमचा दादा हिशेबनीस माणूस, त्याचे ओठ हलायला लागले. साडेचार वर्षं, गुणिले बारा, गुणिले... मी त्याला कोपराने ढोसलं, म्हटलं, थांब, नको करूस. आमच्या घरात या कामाला किंमत असते हे तोपर्यंत कुणाच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं.

ती दोघं गेल्यावर मी वहिनीवर चिडलो. म्हटलं, तुला झोप हवी होती ना? कशाला ओढवून घेतलंस? तर रडलीच ती. म्हणाली, "हौस नाही हो मला. मी थकलेय, भाऊजी. पण त्यांना खाली उन्हात ठेवून मी इथे दार लावून झोपू कशी?" आत दादाच्या हातातला पेपर उलटा होता.

तर असा झाला आमचा व्यवहार. लोकांच्या घरून वस्तू जाते आणि पैसे येतात. आमच्याकडे पैसे आले, वस्तू जागच्या जागी, आणि वर एक आजी आली! ती दोघं पैसे पाठवतात, अगदी तारखेच्या आधी. येत नाहीत. आजी रोज विचारते, मुलगा आला का, आणि वहिनी रोज म्हणते, निघालाय.

परवा आजीची कूस बदलताना वहिनीने मला हाक मारली, पायाकडून धरा म्हणाली. धरलं. अहो, वजन काय असतं हो निजलेल्या माणसाचं! मी धापा टाकत कठड्याला टेकलो आणि काय डोक्यात आलं कोण जाणे, विचारून बसलो. म्हटलं, वहिनी, उद्या मी असा पडलो तर? मला ना बायको ना पोर. माझ्यासाठी काय किंमत ठरवशील?

तिने आजीच्या पाठीला पावडर लावायचं थांबवलंसुद्धा नाही. म्हणाली, "तुमची किंमत नाही ठरवायची, भाऊजी. तुमचा लिलाव लावू. बघू कोण येतंय."

हसली असती तर मी पण हसलो असतो हो. पण ती हसली नाही. तेव्हापासून मी एकेक नाव मनात आणून बघतोय, दादा माझ्यापेक्षा म्हातारा, मित्र होते ते पांगले... म्हणून म्हटलं, आता इतकी मंडळी समोर बसलीच आहेत तर सहज विचारून बघावं. फार नाही मागत, एकपासून सुरुवात. एक... म्हणतंय का कोणी एक?... तिकडे, मागच्या रांगेत?... नाही, तुम्ही नुसतं डोकं खाजवलंत होय...

बरं. असू दे. वेळ आहे अजून.